कॉलेजच्या संसाराची सापशिडी

बारावीचा निकाल लागला आणि सीईटीचे गुण हाती आले, की घराघरांत एकच विषय निघतो: पोराला कुठे घालायचे? पोरीला एवढ्या लांब पाठवायचे का? फी किती, वसतिगृह मिळेल का, खानावळीचे काय पडेल? मग कुणीतरी जाणता म्हणतो, "पिंपरी-चिंचवडला घाला. शिकता शिकता कारखाने बघायला मिळतील. उद्या चाकणला नोकरीला लागला म्हणजे झाले." आणि खत-बियाण्याला ठेवलेल्या पैशांतून, कांद्याच्या पट्टीतून किंवा सोसायटीच्या कर्जातून पहिला हप्ता भरला जातो.

फी भरण्याची तयारी आपण करतो. बादली, गादी, स्टोव्ह, चटणी-लोणच्याच्या बरण्या यांचीही तयारी होते. मात्र घर सोडून राहायचे कसे, महिन्याचे पैसे महिनाभर पुरवायचे कसे, अभ्यासाचा डोंगर होऊ द्यायचा नाही तो कसा आणि अडचण आली तर बोलायचे कोणाशी, याची तयारी कोणी करून घेत नाही. ती आपोआप होते असे आपण धरून चालतो. काहींची होते. काहींची होईपर्यंत वर्ष वाया जाते.

ही तयारी घरच्या घरी, एका खेळातून करून घेता येते. तो खेळ कसा बनवायचा आणि त्यामागचा विचार काय, ते या लेखात पाहू.

गावाकडून आकुर्डीपर्यंत

पिंपरीचा हा पट्टा एका दिवसात उभा राहिलेला नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर कारखान्यांची रांग लागली. १९७० साली इथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. मग कारखाने चाकणकडे सरकले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण आज मोटारींसाठीही ओळखले जाते. कारखान्यांमागून कॉलेजेही आली. निगडीचे पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १९९९ साली सुरू झाले. पिंपरी, आकुर्डी, रावेत या भागांत आज अशी अनेक कॉलेजे आहेत आणि मावळातल्या साते गावी विद्यापीठही उभे राहिले आहे.

या कॉलेजांत जुन्नर-पारनेरची मुले येतात, तशी बीड, परभणी, नांदेड, बुलढाण्याचीही येतात. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. नाहीतर चार जणांनी मिळून खोली घ्यायची किंवा कॉट बेसिसवर राहायचे. सकाळी लोकल, पीएमपीची बस किंवा पायपीट. दुपारी कॉलेज, संध्याकाळी प्रॅक्टिकलच्या वह्या, रात्री खानावळ. घरी हाक मारली की आई ताट वाढत होती. इथे खानावळीची वेळ टळली तर उपाशी झोपायचे.

गावातल्या शाळेत पहिला आलेला मुलगा इथे इंग्रजीतले व्याख्यान ऐकून पहिल्या आठवड्यातच गांगरतो. शेजारचा मुलगा हात वर करून प्रश्न विचारतो, याला प्रश्नच सुचत नाही. पहिल्या चाचणीत गुण कमी पडतात. घरून फोन येतो, "कसं चाललंय?" तो म्हणतो, "चांगलं चाललंय." इथून खरी गाडी घसरायला लागते. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवले आहेत हे त्याला माहीत असते. म्हणून तर त्याला खरे सांगायची लाज वाटते. पुढे उसनवारी, मग मोबाईलवरचे झटपट कर्ज, राहिलेले विषय आणि वर्ष संपता संपता एके दिवशी घरी कळते.

बुद्धी कमी पडली म्हणून मागे राहणारे असतातच. पण पैसा, वेळ आणि संकोच या तिघांचा मेळ न बसल्यामुळे मागे राहणाऱ्यांची बुद्धी चांगली असते, याचेच वाईट वाटते.

रोप आधी काटक करतात

आपण कांद्याचे बी थेट मोठ्या वावरात क्वचितच टाकतो. आधी गादीवाफ्यावर रोप करतो आणि सहा-आठ आठवडे सांभाळतो. उपटण्याच्या काही दिवस आधी पाणी कमी करून रोप काटक करतो, म्हणजे लागणीनंतर ते माना टाकत नाही.

कारखानेही असेच करतात. या पट्ट्यातल्या अनेक वाहन कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत नव्या कामगाराला लगेच चालत्या पट्ट्यावर उभे करत नाहीत. त्याआधी सरावाच्या वेगळ्या खोलीत नेतात. जपानी पद्धतीवरून तिला 'डोजो' म्हणतात. तिथे खोट्या सांगाड्यावर खरे बोल्ट आवळायचे, चुकायचे आणि पुन्हा आवळायचे. तिथे चूक झाली तर नुकसान काहीच नसते. पट्ट्यावर तीच चूक झाली तर गाडी परत येते.

कॉलेजला निघालेल्या मुलालाही अशी सरावाची खोली हवी. दोन हजार रुपये उडवून शिकण्यापेक्षा दहा हरभरे उडवून शिकलेले बरे. खेळाचा उपयोग इथे आहे.

आळंदीचा शेजार आणि जुना पट

खेळातून आयुष्याचे वळण शिकवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या जवळच इंद्रायणीकाठी आळंदी आहे. १२९६ साली ज्ञानेश्वर माऊलींनी तिथे समाधी घेतली. सापशिडीचा मूळ खेळ, म्हणजे मोक्षपट, माऊलींनीच रचला अशी आपल्याकडे परंपरा सांगतात. त्याचा समकालीन पुरावा हाती नाही आणि आज पाहायला मिळणारे जुने पट बहुतेक अठराव्या शतकापासून पुढचे आहेत. पण हा खेळ आपल्या मातीतला आहे, यात शंका नाही. उत्तरेत त्याला ज्ञानचौपड म्हणत. जैन मंडळींत त्याचे वेगळे पट होते, वैष्णवांचे वेगळे. कोपनहेगन विद्यापीठातील अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ साली पश्चिम भारतातल्या या पटांवर प्रबंधच लिहिला.

त्या पटात प्रत्येक घराला नाव असे. दया, दान, भक्ती अशा घरांतून शिडी वर जाई. लोभ, क्रोध, मद अशा घरांत सापाचे तोंड असे. शिड्या थोड्या, साप जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि तिथून पुढे पसरताना घरांची नावे हळूहळू पुसली गेली. उरले ते नुसते आकडे, साप आणि शिड्या. आज पोरे खेळतात ती सापशिडी ही अशी रिकामी झालेली आहे.

अमेरिकेतही एक गोष्ट अशीच घडली. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली 'जमीनदाराचा खेळ' या अर्थाच्या नावाने एका खेळाचे पेटंट घेतले. जमीन थोड्यांच्या हाती गेली की खंड भरणारा कसा कंगाल होतो, हे लोकांनी खेळता खेळता समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू. पुढे त्याच खेळावरून 'मोनॉपली' तयार झाला. १९३५ साली तो एका मोठ्या कंपनीने बाजारात आणला आणि दुसऱ्याला कंगाल करील तो जिंकला, एवढेच त्यात उरले. आपल्याकडे मुले 'व्यापार' खेळतात, तो याच वंशाचा. खेळातून शिकवायचे असेल तर मूळ हेतू नियमांत पक्का बसवावा लागतो, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते. तो नुसता पाटीवर लिहिला तर पुसला जातो.

साहित्याची मात्र काळजी नको. कानपूरच्या आय.आय.टी.तून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता टेल्कोच्या पुणे कारखान्यात, म्हणजे याच पट्ट्यात, ट्रक बनवण्याच्या कामावर होते. १९७८ साली ते सुटी घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी मुलांना भूमिती शिकवली आणि पुढचे आयुष्य टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांना वाहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपला खेळ तर जुने कॅलेंडर आणि हरभरे यांवरच होणार आहे.

'सोळा आठवडे': खेळ असा बनवा

कॉलेजचे एक सत्र साधारण सोळा आठवडे चालते असे धरू. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर सोळा मोठी घरे आखा. प्रत्येक घर म्हणजे एक आठवडा. आठव्या आणि सोळाव्या घरात 'परीक्षा' असे लिहा.

खेळणारे तीन किंवा चार. ते एका खोलीत राहणारे विद्यार्थी. शिवाय एक जण 'घर' होतो. पैसे पाठवणे, हिशेब ठेवणे आणि चिठ्ठ्या सांभाळणे हे त्याचे काम. प्रत्येकाची सोंगटी म्हणून एकेक बटण ठेवा.

या खेळात फासा नाही, हे लक्षात घ्या. मोक्षपटात दान पडेल तसे चढायचे-उतरायचे, आणि माणसाच्या हाती सगळे नसते हे शिकवायला ते योग्यच होते. पण कॉलेजात पोराला निवड करायला शिकायचे आहे. नुसत्या दानावर खेळवले तर 'माझे नशीबच असे' एवढेच तो शिकेल. म्हणून सर्वांनी दर फेरीला एक घर पुढे जायचे. मागे-पुढे होणार ते पैशात, वेळेत आणि अभ्यासात.

पैसे म्हणजे हरभरे. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात 'घर' प्रत्येकाला ४० हरभरे देते. त्यांतले १४ खोलीचे म्हणून लगेच जातात. खानावळीचे दर आठवड्याला ४, म्हणजे महिन्याचे १६. उरतात १०. बसभाडे, झेरॉक्स, रिचार्ज, साबण, औषध आणि मौज हे सगळे त्या दहांत बसवायचे. एक हरभरा म्हणजे दोनशे रुपये धरले तर महिन्याचे आठ हजार होतात. तुम्ही जितके पाठवणार असाल, जिथे राहणार त्या भागातला दर असेल, त्याप्रमाणे आकडे बदला. त्यासाठी आधी चौकशी करावी लागेल. तोही खेळाचाच फायदा.

वेळ म्हणजे चिंचोके. कॉलेजचे तास सोडून उरलेल्या वेळेचे दर आठवड्याला प्रत्येकी १० चिंचोके. अभ्यास आणि वह्यांसाठी ४ ठेवायलाच हवेत. झोप, कपडे धुणे, खोली झाडणे यासाठी ३. उरलेले ३ मर्जीप्रमाणे खर्चावेत. मित्रांत बसावे, खेळावे, घरी फोन करावा किंवा काम करावे. काम केले तर दोन चिंचोक्यांना एक हरभरा मिळेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेली 'कमवा आणि शिका'ची वाट आजही अनेक कॉलेजांत आहे, तिचे हे रूप. आठवडा संपला की उरलेले चिंचोके परत करायचे. वेळ साठवता येत नाही.

अभ्यासात एक चिंचोका कमी टाकला की वहीत एक 'थकबाकी' लिहायची. पुढच्याच आठवड्यात फेडली तर एकाला एक. त्यानंतर एका थकबाकीला दोन चिंचोके. थकलेल्या कर्जाला व्याज कसे चढते हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळे सांगायला नको. अभ्यासाचेही तसेच असते, हे मात्र पटावर दिसल्याशिवाय पटत नाही. परीक्षेच्या घरात दर चार थकबाक्यांना एक विषय राहिला असे धरायचे. झोपेचे चिंचोके सलग दोन आठवडे चोरले तर तिसऱ्या आठवड्यात दहाऐवजी सातच चिंचोके मिळतील. अंग आपला हिशेब वसूल करते.

शेवटी प्रत्येकाला पाच कवड्या द्या. कवड्या नसतील तर शंखशिंपले किंवा टोपणे चालतील. ही त्याची 'पत'. तिचा उपयोग पुढे सांगतो.

चिठ्ठ्या तुमच्या तुम्ही लिहा

प्रत्येक खेळाडूने एकाआड एक आठवड्याला एक चिठ्ठी उचलायची आणि मनातच वाचायची. चार जण असतील तर सोळा आठवड्यांत ३२ चिठ्ठ्या लागतात. त्या बाजारात मिळणार नाहीत आणि मिळू नयेत. गावातून शिकायला गेलेल्या दोन-चार मुला-मुलींना सुटीत बोलावून विचारा, "तिथे काय काय अडचण आली?" त्यांच्या बोलण्यातून चिठ्ठ्या निघतील. नमुन्यादाखल काही देतो.

ताप आला. ४ हरभरे आणि ४ चिंचोके गेले.

मित्र ५ हरभरे उसने मागतो. द्यायचे की नाही ते ठरवा. दिले तर चौथ्या आठवड्यात परत मिळतील. मधे गरज पडली तर तुमचे तुम्ही पाहा.

मोबाईलवर झटपट कर्ज. आत्ता ८ हरभरे घ्या, दोन आठवड्यांत १२ फेडा. चुकले तर दर आठवड्याला २ जास्त. घ्यायचेच असे नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज. आज ३ चिंचोके खर्चून कागदपत्रे भरलीत तर तेराव्या आठवड्यात १५ हरभरे. आळस केलात तर काही नाही.

व्याख्यान समजले नाही. सरांना जाऊन विचारलेत तर १ चिंचोका. नाही विचारलेत तर २ थकबाक्या.

रात्री वरच्या वर्गातली मुले 'ओळख करून घ्यायला' बोलावतात आणि अपमान करतात. गप्प राहिलात तर पुढचे चार आठवडे दरवेळी २ चिंचोके कमी.

घरून फोन. कांद्याला भाव नाही, पुढच्या महिन्यात ५ हरभरे कमी येतील.

काही चिठ्ठ्या आनंदाच्याही लिहा. स्पर्धेत बक्षीस, गावाकडून आलेला डबा, खोलीतल्या मित्राने समजावून दिलेले गणित. नुसते संकट दाखवले तर पोर जायच्या आधीच घाबरेल.

चिठ्ठ्या लिहिताना मोठ्यांचीही माहिती वाढते. शिष्यवृत्तीची चिठ्ठी लिहायला बसलात की महाडीबीटीवर कोणकोणत्या योजना आहेत हे पाहावे लागेल. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. छळाची चिठ्ठी लिहिताना कळेल, की महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर देशभरातून विनामूल्य तक्रार करता येते.

सांगितले तर निम्मे

आता खेळाचा मुख्य नियम. चिठ्ठीत नुकसान असेल तर ती उचलणाऱ्याला दोन वाटा आहेत.

पहिली वाट सांगण्याची. चिठ्ठी मोठ्याने वाचायची, काय झाले आणि काय मदत हवी ते आपल्या शब्दांत खोलीतल्या मित्राला किंवा 'घरा'ला सांगायचे. मग नुकसान निम्मे होते. चार हरभऱ्यांचे दोन होतात, चार आठवड्यांचा त्रास दोनवर येतो. मात्र सांगण्याबद्दल एक कवडी द्यावी लागते.

दुसरी वाट लपवण्याची. चिठ्ठी सोंगटीखाली पालथी घालायची. कवडी वाचते. पण नुकसान पूर्ण भरावे लागते आणि चिठ्ठी झाकलेली असेपर्यंत दर आठवड्याला आणखी एक हरभरा जातो. सांगितले की तो जाचही थांबतो.

पहिल्यांदा खेळताना बहुतेकांना कवडी द्यावीशी वाटत नाही. चारचौघांत पत कमी होते ना! मग सोंगटीखाली दोन-तीन चिठ्ठ्या साचतात, हरभरे दर आठवड्याला गळत राहतात आणि बाराव्या आठवड्यात खानावळीचे चार दाणेही उरत नाहीत.

शेवटी हिशेब असा. आधी पाहायचे कोणाचे विषय सुटले. मग कोणावर कर्ज नाही. या दोन्हींत बरोबरी झाली तरच कवड्या मोजायच्या. जी पत राखायला आपण तोंड शिवून बसलो, तिची मोजणी सर्वांत शेवटी होते. हे सांगून समजत नाही. एकदा खेळून चटका बसला की विसरत नाही.

भूमिका बदलून पाहा

एक डाव झाला की दुसऱ्या डावात आई-वडिलांनी विद्यार्थी व्हावे आणि कॉलेजला निघालेल्याने 'घर' व्हावे. त्या डावात 'घरा'ला वर्षाचे हरभरे एकदमच मोजून द्या आणि त्यांतून बियाणे, औषध, आजारपण, धाकट्याची शाळा हे सगळे आधी बाजूला काढायला लावा. उरतील तेच पाठवायचे.

समजा, एका घरात थोरली मुलगी 'घर' झाली आहे आणि वडील विद्यार्थी. वडिलांनी चिठ्ठी उचलली, वाचली आणि हळूच सोंगटीखाली सरकवली. दोन आठवडे गेले.

"आण्णा, तुमचे हरभरे का कमी होतायत?"

"काही नाही, चाललंय."

"चिठ्ठी दाखवा बघू."

"अगं, तूच तर मघाशी म्हणालीस पैसे पुरत नाहीत. तुला आणखी ताप कशाला?"

मुलगी हसेल, आण्णाही हसतील. पण दोघांच्याही मनात एकच गोष्ट येईल. तिला कळेल, की चाळीस हरभरे कशातून निघतात. त्यांना कळेल, की पोर फोनवर 'चांगलं चाललंय' का म्हणते. घरात हा विषय सरळ काढला असता तर उपदेश झाला असता आणि उपदेश ऐकायला कोणाला आवडतो? हरभरे मध्ये असले की तीच गोष्ट जड वाटत नाही.

म्हणून खेळ संपला की पट लगेच गुंडाळू नका. चहा ठेवा आणि तीन प्रश्न घ्या. सर्वांत महाग चूक कोणती पडली? ती केव्हा सांगितली असती तर स्वस्तात सुटली असती? आणि खरोखर अशी वेळ आली तर पहिला फोन कोणाला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने वहीत लिहून ठेवावे. वडिलांना सांगणे अवघड वाटत असेल तर मामाचे, आत्याचे किंवा शाळेतल्या सरांचे नाव लिहू द्या. राग मानू नका. शिवाय १४४१६ हा क्रमांकही लिहून ठेवा. २०२२ साली सुरू झालेली ही टेलि-मानस नावाची शासकीय सेवा आहे. मन खचले, झोप उडाली, जीव नकोसा झाला तर कोणत्याही वेळी तिथे माणसाशी बोलता येते, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

खेळ बिघडू नये म्हणून

पहिला पट कधीच नेमका बसत नाही. हरभरे फार उरले तर खेळ मिळमिळीत होतो, फार लवकर संपले तर पोरे कंटाळतात. दोन-तीन डाव खेळून आकडे कमी-जास्त करा. वेळ दीड तासाच्या वर जाऊ देऊ नका. चिठ्ठीत उपदेश लिहू नका, प्रसंग लिहा. 'वाईट संगत धरू नये' ही चिठ्ठी नव्हे. 'उद्या सबमिशन आहे आणि मित्र लोणावळ्याला चलतोस का विचारतात' ही चिठ्ठी झाली. चुकणाऱ्याला टोमणा मारायचा नाही. 'तू तिथेही असंच करणार' असे एकदा म्हटले, की पोर पुन्हा पटाजवळ येणार नाही.

आणि हरभऱ्यांच्या जागी खरे पैसे कधीही ठेवू नका. पैसे लावले की खेळाचा जुगार होतो. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांनी किती तरुणांना नादाला लावले हे आपण पाहिले आहे. अशा ऑनलाईन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला. मुलगा कोणता खेळ खेळतो यापेक्षा त्यात पैसे लागतात का, हा प्रश्न आधी विचारावा.

कॉलेजांनीही मनावर घ्यावे

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून इंजिनिअरिंगच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम घालून दिला आहे. कॉलेजची ओळख व्हावी, मुले रुळावीत, हा त्याचा हेतू. त्यातली एक दुपार अशा खेळाला द्यायला काय हरकत आहे? चिठ्ठ्या वरच्या वर्गाच्या मुलांनी लिहाव्यात. काल जे चुकले त्यांच्याइतके चांगले शिक्षक मिळणार नाहीत. शिवाय खोलीतल्या चौघांनी पहिल्याच आठवड्यात एकमेकांना 'मला मदत हवी' म्हणण्याचा सराव केला, तर पुढे खरी वेळ आल्यावर जीभ अडखळत नाही.

खेळ रचणे हे इंजिनिअरिंगच्या मुलांना शोभणारे कामही आहे. २०२१ साली केंद्र सरकारने 'टॉयकेथॉन' नावाची देशव्यापी स्पर्धा घेऊन विद्यार्थी-शिक्षकांकडून नवी खेळणी आणि खेळ मागवले होते. आपल्या पट्ट्यातल्या कॉलेजांतली मुले कारखान्यांसाठी यंत्रे रचतात. त्यांनी आपल्या मागून येणाऱ्या गावाकडच्या भावंडांसाठी असा एखादा पट, मोबाईलवर म्हणा वा कागदावर, रचला तर तोही प्रकल्पच होईल. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा बचत गटाच्या बैठकीतही हा खेळ सुटीत मांडता येईल.

प्रवेशाची यादी लागायला आणि कॉलेज उघडायला मध्ये काही दिवस मिळतात. पेरण्या उरकलेल्या असतात, संध्याकाळी पाऊस लागलेला असतो, माणसे घरात असतात. त्यातली एक संध्याकाळ काढा. डब्यातले ओंजळभर हरभरे घ्या, कॅलेंडर उलटे करा. गादी-बादली तर आपण बांधून देणारच आहोत. त्याबरोबर 'सांगितले तर निम्मे' एवढा एक नियम पोराच्या गाठीला बांधून दिला, तर तो चार वर्षे पुरेल. आणि तो फोन खरोखर आला, म्हणजे पहिला शब्द रागाचा जाऊ नये, एवढे आपल्याकडचे काम.